चाळीस पावलं चुकलेली काठी

मी एक जुनी बेचक्याची काठी आहे. त्या शुक्रवारी सकाळी व्हर्ना ब्रेनर्डची भट्टी वाचली आणि मी उकळले.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही घडलेलंच नाही. भट्टी वाचते की बंद पडते हे अजून कुणालाही ठाऊक नाही, मी दारावरच्या दोन खिळ्यांवर कोरडी ठणठणीत पडून आहे, आणि आज गुरुवार आहे. तेव्हा कृपया चेहरा काळजीत ठेवा आणि मला सुरुवातीपासून सांगू द्या.

माझा जन्म कनेक्टिकटमधला, ब्रेनर्डांच्या दगडी गडग्याच्या पलीकडचा. माझी जात विच हेझल. आमच्या जातीला वेळेचं भान नाही. बाकीची झाडं वसंतात फुलतात. आम्ही ऑक्टोबर संपताना फुलतो, सगळ्यांची पानं गळून गेल्यावर, जेव्हा बघायला कुणी थांबलेलं नसतं. आमची फुलं म्हणजे नुसते पिवळे दोरे. कुणीतरी समारंभाची फीत कापली आणि तुकडे झाडायचे राहून गेले, असं दिसतं. बिया पिकल्या की फट् करून वीसेक फुटांवर उडतात. मुलांना घराबाहेर काढायची आमच्यात हीच पद्धत आहे.

मी मात्र उडाले नाही. मला एल्डन ब्रेनर्डने चाकूने कापलं. साल एकोणीसशे एकवीस.

एल्डन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि पंचक्रोशीतला पाणाड्या होता. विच हेझलची बेचकी फांदी दोन्ही मुठींत धरायची, टोक पुढे करायचं आणि रानातून चालायचं. टोक खाली झुकलं की तिथे पाणी. त्याचा भाऊ एमॉस याला विच हेझलच्या फांद्या उकळून कातडीला लावायचा औषधी अर्क काढायची भट्टी घालायची होती, आणि भट्टीला पाणी लागतं. वाफ करायला लागतं आणि वाफ थंड करायलाही लागतं. एल्डन मला घेऊन चालला, मी झुकले, लोकांनी खणलं, बावीस फुटांवर पाणी लागलं. एमॉसने टोपी काढली. एल्डनने काढली नाही, पण ती जरा तिरकी केली.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ती एल्डनला कधीही सांगू नका. मला पाण्यातलं काहीही कळत नाही. त्या दिवशी त्याचा पाय घुशीच्या बिळात गेला, म्हणून मी झुकले.

पण सन्मान झाला. भट्टीच्या दारावर दोन खिळे ठोकले गेले आणि मी त्यावर चढले. 'हीच ती काठी,' असं पाहुण्यांना सांगितलं जाई. पाहुणे 'अच्छा,' म्हणत. पुढे पाहुणे कमी झाले. एका हिवाळ्यात माझ्यावर कोट वाळत घातले गेले. एका उन्हाळ्यात मी खिडकीला टेकण म्हणून उभी राहिले. मांजरीने नखं घासली. कोळ्याने बेचक्यात जाळं विणलं, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त शिकार मिळाली. नियम असा की पाणाड्याने दर वेळी ताजी फांदी तोडायची, कारण वाळलेली काठी वाकत नाही. एल्डन इतरांच्या विहिरींसाठी ताजीच तोडत असे. मला तो फक्त जपत असे. रविवारी येऊन बोटाने माझ्यावरची धूळ पुसायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

चव्वेचाळीस वर्षं अशी गेली. एमॉस गेला. भट्टी त्याच्या मुलीकडे, व्हर्नाकडे आली. आणि एकोणीसशे पासष्ट साल उगवलं. पाऊस नसलेलं ते सलग चौथं वर्ष.

व्हर्नाचं दुखणं नुसतं पावसाचं नव्हतं. तिचा अर्क घेणारी औषधांची दुकानं एकेक करत मोठ्या कारखान्याकडे गेली होती. मे महिन्यात शेवटचं दुकानही गेलं. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कहून मिस कोरिन व्हॅलोन आली. ती अत्तरं जुळवायची. उंच, बारीक, राखाडी हातमोजे घातलेली बाई. ती दारात थांबली आणि श्वास घेऊन म्हणाली, "इथे मांजर आहे, पाइप ओढणारा म्हातारा आहे आणि कुणीतरी सकाळी कांदा खाल्लाय."

"कांदा माझा," स्टॅश म्हणाला. स्टॅश वोयतोविच हा तोडणीवाला. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत रानातून विच हेझल तोडून आणायचं त्याचं काम. भट्टी बंद म्हणजे त्याचा हिवाळा बंद.

तिने बाटलीतला अर्क कागदाच्या पट्टीवर घेतला, हुंगला आणि पट्टी नाकापासून लांब धरली.

"आवडला नाही का?" व्हर्नाने विचारलं.

"मला बोलणारे वास नकोत," मिस व्हॅलोन म्हणाली. "संत्र्याची फुलं, देवदार, कस्तुरी, सगळे बडबडे माझ्याकडे आहेत. एकाच खोलीत कोंबले की भांडतात. मला मध्ये बसून ऐकून घेणारा कुणीतरी हवाय. हा जवळपास तसा आहे. फक्त शिळा आहे."

मग तिने अटी सांगितल्या. फांद्या फुललेल्या असताना तोडायच्या. तोडल्यापासून दोन दिवसांच्या आत वाफेवर चढवायच्या. ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी दहाला ती येणार आणि नळीतून पडणारा अर्क तिथेच हुंगणार. पसंत पडला तर दर वर्षीचा सगळा माल तिचा.

"आणि नाही पडला तर?" व्हर्ना म्हणाली.

"तर तुमच्याकडे कॉफी चांगली आहे," मिस व्हॅलोन म्हणाली आणि गाडीत बसली.

ऑक्टोबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, स्टॅशने तोडणी केली. पिवळ्या दोऱ्यांनी भरलेल्या फांद्यांचा ढीग आला. यंत्रात घालून त्याचे तुकडे झाले. व्हर्ना त्याच्यावर ओरडली, पण ते वेगळ्याच कारणाने.

"बूट बाहेर काढ. सकाळीच फरशी पुसलीय मी."

स्टॅशने खाली बघितलं. फरशीवर चिखलाचे दोन मोठे ठसे उमटले होते. तो "हं" म्हणाला आणि बूट बाहेर काढून आला. चार वर्षांच्या दुष्काळात या माणसाने ओला चिखल कुठून आणला, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी तर काठी आहे.

गुरुवारी दुपारी एक वाजता विहिरीतून बादली वर आली. तिच्यात अर्धा गाळ होता आणि एक बेडूक होता. बेडूक आमच्याकडे असं बघत होता, जणू उशीर आम्हीच केला.

व्हर्नाने पुन्हा बादली सोडली. या वेळी बेडूकही नव्हता.

तिने तुकड्यांच्या ढिगात हात घातला. मित्रांनो, ओल्या फांद्यांचे तुकडे रचून ठेवले की ते आतून तापतात, आणि तापले की आंबतात. तिने हात बाहेर काढून हुंगला. "अजून बरा आहे," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत लोणचं होईल."

"अग्निशमनवाल्यांचा टँकर मागव," स्टॅश म्हणाला.

"ते तळ्यातून भरतात. शेवाळ्याची वाफ त्या बाईच्या नाकात सोडू?"

"मग गावच्या नळाचं आण."

"त्यात पोहण्याच्या तलावाचा वास येतो. ती दारातून कांदा ओळखते, स्टॅश."

"मी कांदा सोडलाय," स्टॅश दुखावून म्हणाला.

इतक्यात दारात काठीचा आवाज आला. माझा नव्हे, चालायच्या काठीचा. एल्डन आता शहात्तर वर्षांचा होता. त्याने बादलीत बघितलं, मग वर बघितलं, माझ्याकडे.

"ती काढून दे," तो म्हणाला.

"काका, ताजी तोडून आणते ना. नियम तुमचाच आहे."

"ताजीला ही जमीन माहीत नाही. हिला माहीत आहे."

मित्रांनो, माझ्या अंगात पाणी नव्हतं, नाहीतर मला घाम फुटला असता.

स्टॅशने मला खाली उतरवलं. कोळ्याचं जाळं फुंकलं. "काका, राग नका मानू," तो म्हणाला, "पण एकवीस साली या खोऱ्यात कुणी टोपी फेकली असती तरी टोपीखाली पाणी लागलं असतं."

"मग तुझी फेक," एल्डन म्हणाला.

स्टॅशने टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि मेव्हण्याचं खोदायचं यंत्र आणायला गेला.

एल्डनने मला मुठींत धरलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ते हात दोरखंडासारखे होते. आता ते थरथरत होते, त्यामुळे मीही थरथरत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की मला काहीतरी कळतंय. भट्टीपासून गडग्यापर्यंत आम्ही गेलो आणि परत आलो. सफरचंदाच्या झाडाखालून गेलो. व्हर्ना चार पावलं मागे चालत होती आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होती. मी मनातल्या मनात सगळीकडे झुकायचा प्रयत्न केला. पण वाळलेल्या लाकडाला झुकता येत नाही, फक्त मोडता येतं.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी, व्हर्नाच्या डेलियाच्या वाफ्यात, एल्डनच्या उजव्या मनगटात कळ आली. ती माझ्यापर्यंत पोचली. माझं टोक खाली गेलं.

"इथे," तो म्हणाला. त्याचा चेहरा बत्तीस वर्षांचा झाला होता.

मला ओरडून सांगायचं होतं की ही कळ आहे, पाणी नाही. पण मी काठी आहे, हे मघाशीच सांगितलंय.

यंत्र आलं. डेलिया गेल्या. दोन फूट, चार फूट, पाच फूट. माती पिठासारखी कोरडी. एल्डन मला धरून खड्ड्याच्या कडेला उभा होता आणि प्रत्येक फावड्याला मान हलवत होता, जणू सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. सहा फुटांवर फावडं खणखणलं. खाली कातळ. एकसंध, राखाडी, आणि हाडासारखा कोरडा.

स्टॅशने यंत्र थांबवलं. टोपीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. ते मी कधी विसरणार नाही.

"बाजूला सरकून बघू, काका," व्हर्ना म्हणाली. "दोन फूट इकडे तिकडे होतंच."

"कातळाला बाजू नसते," एल्डन म्हणाला.

तो वळला. हळूहळू भट्टीत आला. मला वाटलं आता मला फेकेल, आणि फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने मला तुकड्यांच्या ढिगावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं, आजारी माणसाला अंथरुणावर ठेवतात तसं.

"हीही विच हेझलच आहे," तो म्हणाला. "वजनात धरा."

आणि तो बाकावर जाऊन बसला. पाइप काढला, पण पेटवला नाही.

मित्रांनो, आता माझी परिस्थिती समजून घ्या. माझ्याखाली ढीग तापत होता. माझ्यावर वरून तुकडे घसरत होते. माझा एक पाय आत गेलाच होता. आणि व्हर्ना दारात उभी राहून खाली बघत होती. फरशीकडे. तिथे बुधवारचे दोन ठसे होते, आता वाळलेले, कडेने भेगाळलेले.

"स्टॅश," ती अगदी शांतपणे म्हणाली. "काल हा चिखल कुठून आणलास?"

"परत फरशी? व्हर्ना, मी काल माफी मागितली."

"तू 'हं' म्हणालास. चिखल कुठला?"

"कुठला म्हणजे? गडग्यापलीकडचा. ते मोठं जुनं झुडूप आहे ना, तिथे उभं राहून तोडत होतो. मोजेसुद्धा भिजले. तिथे नेहमीच..." आणि स्टॅश थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी चव्वेचाळीस वर्षं माणसं बघितली होती, पण एखाद्या माणसाला स्वतःच्या मोज्यांचा अर्थ लागताना पहिल्यांदाच बघत होते.

"तिथे नेहमीच ओल असते," त्याने वाक्य पुरं केलं. "माझा बापही म्हणायचा. तिथे तोडायचं तर दुसरे मोजे घेऊन जा."

बाकावरून आवाज आला. "दोन खोडं आहेत त्याला? आणि एक जुना काप, कमरेएवढ्या उंचीवर?"

"हो, काका."

"तो काप माझा," एल्डन म्हणाला. "ती तिथूनच तोडली होती."

  मला सगळं एकदम आठवलं. लहानपणी माझे पाय कायम ओले असायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच असतात. हे लोक मला पाण्यातून कापून, पाण्यापासून लांब नेऊन, चव्वेचाळीस वर्षांनीही विचारत होते की पाणी कुठे आहे.

गडग्यापलीकडे, डेलियाच्या वाफ्यापासून बरोबर चाळीस पावलांवर, चार फुटांखाली पाणी लागलं. गार, निवळ, कातळाच्या फटीतून झिरपणारं. मी ते बघितलं नाही. उजेड होता तोवर ती माणसं नळ्या जोडत होती, आणि मी ढिगाखाली होते.

पहाटे फावडी सुरू झाली. पहिलं फावडं माझ्या डावीकडून गेलं. दुसरं माझ्यावरून. तिसऱ्याने मला उचललं. स्टॅशचे डोळे झोपेने लाल झाले होते, व्हर्ना उकळायच्या टाकीत बघत नव्हती, वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होती. मी शेकडो तुकड्यांमध्ये एक होऊन टाकीत पडले. झाकण बसलं. मळसूत्र आवळलं गेलं.

उकळण्याबद्दल मी फारसं सांगणार नाही. फक्त एवढंच, की चव्वेचाळीस वर्षांनी अंगात पाणी शिरलं. तेच पाणी. मी मऊ पडले. चार तास मी पहिल्यांदाच वाकू शकत होते, आणि धरायला कुणी नव्हतं.

दहा वाजता मिस व्हॅलोन आली. दारात थांबली. श्वास घेतला. "कांदा नाही," ती म्हणाली.

"आभारी आहे," स्टॅश म्हणाला. तो तेव्हा टाकी रिकामी करत होता. उकळलेला चोथा लांब दांड्याच्या काट्याने काढून बॉयलरच्या तोंडात टाकायचा, म्हणजे लाकूड वाचतं, अशी इथली रीत. टाकीच्या तळाशी मी होते. बॉयलरचं दार उघडं होतं आणि आत लाल होतं.

मिस व्हॅलोनने नळीखाली कागदाची पट्टी धरली. नळी अजून ठिबकत होती. एक थेंब. तिने ती हुंगली. बाजूला धरली. परत हुंगली.

"पाणी कुठलं?" ती म्हणाली.

व्हर्नाने ॲप्रनला हात पुसले. कोरडे हात. "नवीन आहे. कालचं."

"कुणी शोधलं?"

स्टॅशने काटा टाकीत खुपसला. मी काट्यावर आले. "काकांनी," तो म्हणाला, अगदी सहज. "इथले पाणाडे आहेत ते. नाव आहे त्यांचं."

आत्ता गप्प बसायचं, मित्रांनो, एवढंच काम होतं. एल्डनने पाइप तोंडातून काढला.

"नाही," तो म्हणाला. "याच्या बुटांनी शोधलं. मी शोधलं तिथे खड्डा आहे. बघायचा तर चला, चांगला खोल आहे."

मिस व्हॅलोनने त्याच्याकडे बघितलं. मग पट्टीकडे. आता ती पट्टी वाळू देत होती. अत्तरवाल्यांना पहिला वास खरा वाटत नाही, ते तो बसायची वाट बघतात. घड्याळाचा काटा पाच मिनिटं चालला. स्टॅश बॉयलरसमोर काटा धरून उभा होता. काट्यावर मी होते. त्याला निकाल कळल्याशिवाय हात हलवायचं सुचत नव्हतं. माझं टोक शेकू लागलं होतं.

तिने शेवटचं हुंगलं.

"ऐकतोय," ती म्हणाली.

"काय?" स्टॅश म्हणाला.

पण व्हर्नाला कळलं. ती खुर्चीवर बसली. खुर्ची तिच्या मागे होती हे नशीब.

स्टॅशने मग खाली बघितलं, काट्यावर. चोथ्यातून एक बेचकं वर आलं होतं. त्याने मला दोन बोटांनी उचललं, हाय हाय करत या हातातून त्या हातात टाकलं, आणि बॉयलरचं दार पायाने लावलं.

मला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. त्या अर्कात मी होते. चव्वेचाळीस वर्षांचा पाइप, मांजर, ओले कोट, सगळं घेऊन मी त्यात उकळले होते. त्या बाईला दारातून कांदा कळला होता. माझा तिला पत्ताही लागला नाही.

भट्टी चालू राहिली. तो अर्क दर वर्षी न्यूयॉर्कला जाऊ लागला आणि तिथे बडबड्यांच्या मध्ये बसून ऐकू लागला. मी परत खिळ्यांवर गेले, पांढरी पडून, जरा आखडून. स्टॅशने शेजारी तिसरा खिळा ठोकला आणि त्यावर आपले बूट टांगले. शाळेची मुलं आली की आधी बूट बघतात.

एल्डनने मला पुन्हा हातात घेतलं नाही. कुणी विहिरीसाठी बोलवायला आलं, तर तो म्हणायचा, "स्टॅशचे बूट न्या, भाडं लागत नाही." लोक हसायचे. तोही हसायचा. पण रविवारी तो यायचा, माझ्यावरची धूळ बोटाने पुसायचा, आणि निघून जायचा. मग एका रविवारी आला नाही. तेव्हापासून धूळ आहे.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा. त्यांना विचारू मात्र काही नका. आणि फांदी तोडायचीच असेल तर आधी तिच्या पायाशी काय आहे ते बघा. बुंधा राहू द्या, आम्ही पुन्हा फुटतो.

सरतेशेवटी, मी एक अर्ज केलेला आहे. तो खाली देत आहे.

प्रति, मा. अधिकारी, भूजल व जमीन नोंदणी विभाग. अर्जदार: एक काठी, राहणार भट्टीच्या दारावर, बुटांच्या डावीकडे. विषय: भूगर्भातील पाणी सरकवून मिळणेबाबत. महोदय, ब्रेनर्ड यांच्या गडग्यापलीकडे चार फूट खोलीवर असलेले पाणी पूर्वलक्षी प्रभावाने चाळीस पावले अलीकडे, डेलियाच्या वाफ्याखाली, आणण्यात यावे. सदर बदल गुरुवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांपूर्वी अमलात यावा, म्हणजे श्री. एल्डन ब्रेनर्ड 'इथे' म्हणाले, तेव्हा ते बरोबर होते अशी नोंद करता येईल. कातळाची हरकत असल्यास ती लेखी घ्यावी. पाणी सरकवणे शक्य नसल्यास, निदान वाफा सरकवावा. तेही शक्य नसल्यास, अर्जदार पुढील रविवारपर्यंत वाट पाहील.